आजोबांची गाडी, एकास बत्तीस



दिवाळीत अंगणात किल्ला केला नाही असा मराठी मुलगा विरळा. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखल, वर पेरलेले अळीव किंवा मोहरी, आणि सगळ्यात उंच जागी महाराजांची मूर्ती. आता त्या किल्ल्याचा हिशेब करून पाहा. महाराजांची मूर्ती १० सेंटिमीटर उंच धरली आणि माणसाची उंची साधारण १६० सेंटिमीटर धरली, तर मूर्ती एकास सोळा प्रमाणात झाली. पुठ्ठ्याचा महादरवाजा मात्र ५ सेंटिमीटरचा असतो. ५ गुणिले १६ म्हणजे ८० सेंटिमीटर. महाराजांना स्वतःच्या गडात रांगत जावे लागेल! पाच मीटर उंचीचा, हत्ती जाईल असा दरवाजा हवा असेल तर त्या मूर्तीला शोभणारे दार ३१ सेंटिमीटरचे करावे लागते.

इथे चेन्नईत नवरात्रात घरोघरी बोम्मै कोलू मांडतात. पायऱ्यांवर देवदेवतांच्या बाहुल्या आणि खाली मुलांनी मांडलेली बाग, रस्ता, बाजार. त्या रस्त्यावरची मोटार शेजारच्या भाजीवालीच्या गुडघ्याएवढी असते. कोलूत आणि किल्ल्यात हे चालते, कारण तिथे भक्ती आणि हौस महत्त्वाची. पण प्रत्येक वस्तू एकाच प्रमाणात लहान करायची असे ठरवले, की खेळणे संपते आणि प्रतिकृती सुरू होते. आपल्या छंद मंडळात गेल्या वर्षी एका कॅडेटने केलेल्या मोटारीच्या निमित्ताने या छंदाची माहिती इथे देत आहे.

प्रमाण म्हणजे काय?

प्रतिकृतीच्या खोक्यावर १/२४, १/३२, १/४३, १/६४ असे आकडे असतात. खरी गाडी त्या आकड्याने भागायची, एवढाच त्याचा अर्थ. ट्रायम्फ हेराल्ड ही गाडी सुमारे ३८८६ मिलिमीटर लांब. ती १/१८ मध्ये २१६ मिमी, १/२४ मध्ये १६२ मिमी, १/३२ मध्ये १२१ मिमी, १/४३ मध्ये ९० मिमी आणि १/६४ मध्ये जेमतेम ६१ मिमी होते.

हे आकडे विचित्र वाटतात, पण प्रत्येकामागे कारण आहे. १/२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. १/४३ हे माप खेळण्यातल्या आगगाडीवरून आले, कारण त्या रुळांशेजारी शोभतील अशा मोटारी हव्या होत्या. रणगाड्यांचे १/३५ तर बॅटरीमुळे ठरले. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याची मोटरवर चालणारी प्रतिकृती काढली. आत बॅटरीचे दोन सेल बसले पाहिजेत एवढा आकार ठेवला, आणि मागाहून भागाकार केला तर उत्तर पस्तीसच्या आसपास आले. आज जगभर लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींत तेच माप रूढ आहे.

मॅचबॉक्स गाड्यांची गोष्ट तुम्हाला जवळची वाटेल, कारण तिच्या मुळाशी शाळेचा नियम आहे. इंग्लंडमधल्या लेस्नी कंपनीचे जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे आणायची परवानगी होती. वडिलांनी काड्यापेटीत बसणारा पितळी रोडरोलर करून दिला. त्यातून १९५३ पासून त्या छोट्या गाड्यांची मालिका सुरू झाली. नियम मोडण्याऐवजी नियमात बसणारी वस्तू करता येते, हे यातून शिकावे.

सैनिकाला याचा काय उपयोग?

पालक हा प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. सैन्यात प्रतिकृती ही करमणुकीची वस्तू मानली जात नाही. परंगिमलैजवळच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत किंवा इतर कोणत्याही लष्करी संस्थेत मोहिमेचे आदेश देताना आधी सँड मॉडेल करतात: जमिनीवर वाळू, चुना, रंगीत भुकटी आणि काटक्या वापरून तो मुलूख मांडायचा. तिथे टेकडी चुकीच्या जागी पडली तर खऱ्या टेकडीवर माणसे चुकीच्या जागी जातात. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी विमाने मागवली होती. ती सगळी १/७२ प्रमाणात हवी होती, कारण ठरावीक अंतरावरून पाहिल्यावर ती खऱ्या विमानासारखी दिसणे आवश्यक होते. आपल्या एनसीसीतही नौदल विभागात शिप मॉडेलिंग आणि हवाई विभागात एरोमॉडेलिंग आहेच.

मद्रासची गाडी

आपण राहतो ते शहरच गाड्यांचे. एन्नोरला १९४८ मध्ये अशोक मोटर्स सुरू झाली आणि ऑस्टिन गाड्या जोडू लागली. पुढे तीच अशोक लेलँड झाली. तिरुवोट्टियूरला १९५६ पासून बुलेट बनू लागली. आवडीच्या कारखान्यातून १९६५ मध्ये पहिला विजयंता रणगाडा बाहेर पडला. आणि १९६१ पासून स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड बनवू लागली. मूळ गाडी इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, आरेखन इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचे. इंग्लंडमध्ये ती दोन दारांची होती. आपल्याकडे मागच्या सीटवर आजी-आजोबा, काकू, पोरे अशी सगळी बसणार. पुढची सीट वाकवून मागे शिरणे कुणाला परवडणार? म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस मद्रासच्या हेराल्डला चार दारे आली. चार दारांची हेराल्ड ही खास भारतातली.

आपल्या कॅडेटचे आजोबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर मद्रासलाच नोकरीला लागले. त्यांनी एक जुनी स्टँडर्ड हेराल्ड घेतली होती, फिकट निळ्या रंगाची. गाडी विकून कित्येक वर्षे झाली. राहिला तो एक फोटो, तोही कृष्णधवल. नातवाला मामाकडून एअरफिक्सचा १/३२ मधला ट्रायम्फ हेराल्डचा संच मिळाला. त्याने तो दोन आठवड्यांत जोडला, निळा रंग दिला आणि आजोबांच्या हातात ठेवला. आजोबांनी चष्मा लावून तो फिरवून पाहिला आणि म्हणाले, "बाळा, गाडी देखणी केलीस. पण ही माझी नव्हे. माझ्या गाडीला मागे दारं होती. तुझी आजी मागच्या डाव्या दारातून बसायची."

पोरगा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. "सर, दारं वाढवता येतील का?"

येतात. संचातली गाडी जशीच्या तशी न ठेवता आपल्याला हवी तशी बदलणे, हा या छंदाचा दुसरा टप्पा. तो कसा केला ते क्रमाने सांगतो.

पहिले काम: माप

करवत हातात घेण्याआधी फोटो घ्या. चार दारांच्या हेराल्डचा, गाडीच्या बरोबर बाजूने आणि जमेल तितक्या लांबून काढलेला फोटो हवा. जवळून किंवा तिरका काढलेला फोटो मापे चुकवतो. मग आपल्या मॉडेलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर मोजायचे. हेराल्डचा व्हीलबेस सुमारे २३२४ मिमी, म्हणजे १/३२ मध्ये ७२.६ मिमी. फोटोतले हे अंतरही नेमके ७२.६ मिमी येईल अशा आकारात फोटो छापून घ्यायचा. असा फोटो म्हणजे तुमचा नकाशा. त्यावरचे प्रत्येक माप थेट मॉडेलवर उतरवता येते.

यात हातची चूक किती महाग पडते ते लक्षात ठेवा. १/३२ मध्ये एक मिलिमीटर चुकला की खऱ्या गाडीवर ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच चुकला. दारामधली खरी फट ४ मिमी असेल तर मॉडेलवर ती एक अष्टमांश मिलिमीटर दिसायला हवी.

पुस्तकात आणि फोटोत समजत नाही ते हाताने पाहावे. आम्ही एका रविवारी पुदुपेट्टैला गेलो. जुन्या गाड्या सोडवून त्यांचे भाग विकणारी ती गल्ली चेन्नईत प्रसिद्ध आहे. हेराल्ड काही मिळाली नाही. पण सुट्या पडलेल्या चार-दोन दारांवरून बिजागरी कुठे असते, मूठ पत्र्यापासून किती उचललेली असते, रबर कुठे संपते हे कॅडेटने वहीत टिपून घेतले. दुकानदाराने कौतुकाने चहा पाजला.

दुसरे काम: जुने दार बुजवणे, नवे कोरणे

दोन दारांच्या गाडीचे दार लांब असते. चार दारांच्या गाडीत पुढचे दार आखूड होते आणि मधला खांब पुढे सरकतो. म्हणून आधी जुन्या दाराची मागची खाच बुजवावी लागते. संचातले भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले येतात, तिचा तुकडा मेणबत्तीपासून थोडा उंच धरून गरम करा आणि दोन्हीकडून हळूच ताणा. केसासारखा दोरा निघतो. तो खाचेत बसवून पातळ सिमेंट लावले की प्लास्टिक प्लास्टिकमध्ये विरघळून एकजीव होते. साधा डिंक फक्त चिकटवतो. हे सिमेंट मात्र पॉलिस्टायरीन वितळवून सांधते, म्हणून ते नेहमी थेंबभरच वापरायचे. उरलेला खड्डा पुट्टीने भरायचा. गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात, तिचीच ही धाकटी बहीण. पूर्ण एक दिवस वाळू द्या. मग ४००, ८०० आणि शेवटी १५०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासा. आधीचा ओरखडा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर हातात घेऊ नका.

नवी खाच कोरताना कडक चिकटपट्टीची कड फूटपट्टीसारखी लावायची आणि सुईच्या टोकाने ओढायचे. जोर अजिबात नको. पहिली दहा ओढणी नुसती वाट दाखवण्यासाठी. जोर दिलात की सुई घसरते आणि गाडीच्या अंगावर आडवा ओरखडा पडतो. आपल्या कॅडेटच्या गाडीवर असे दोन पडले, ते त्याने परत भरले. खिडकीमधला खांब अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक पट्टीचा केला. दाराच्या मुठी विजेच्या वायरमधल्या तांब्याच्या तारेच्या. खरी मूठ १२ सेंटिमीटरची धरली तर मॉडेलवर पावणेचार मिलिमीटर. चार मुठींसाठी त्याने अकरा केल्या.

तिसरे काम: रंग, आणि चेन्नईची हवा

रंगाचे मुख्य तीन प्रकार. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक: वास कमी, चूक पुसता येते, नवशिक्यांसाठी उत्तम. इनॅमल: सावकाश वाळतो, ब्रशने छान पसरतो. लॅकर: झटपट वाळतो, घासून आरशासारखा चमकवता येतो, पण थिनर तीव्र असतो. कोणताही रंग देण्याआधी अंग साबणाच्या पाण्याने धुवावे, कारण बोटाचे तेल रंगाला धरू देत नाही. मग राखाडी प्रायमर. प्रायमर खरा परीक्षक आहे, कारण उघड्या प्लास्टिकवर न दिसलेला प्रत्येक ओरखडा त्याखाली उठून दिसतो.

रंग पातळच का द्यायचा, याचेही गणित आहे. रंगाचा थर ०.१ मिमी झाला तर १/३२ च्या हिशेबाने खऱ्या गाडीवर ३.२ मिमी जाड रंग थापल्यासारखे झाले. कोरलेली सगळी दारे त्याखाली बुजतात. म्हणून एका जाड थराऐवजी तीन-चार पातळ थर, मध्ये वाळायला वेळ.

आता चूक सांगतो. तिच्यात माझाही वाटा आहे.

वार्षिक प्रदर्शन नोव्हेंबरात होते. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. महाराष्ट्रात जूनमध्ये छत्र्या निघतात, इथला मोठा पाऊस दिवाळीच्या सुमारास. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी बाहेर पाऊस कोसळत होता आणि गाडीला शेवटचे थर द्यायचे राहिले होते. कॅडेटने विचारले, "सर, मारू का?" मी म्हणालो, "मार."

त्याने निळा लॅकर मारला. दोन मिनिटांत गाडीवर साय धरल्यासारखा पांढरा धुरकटपणा आला. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड होतो. हवेत बाष्प भरपूर असेल तर गार पाण्याच्या पेल्यावर जसे थेंब जमतात तसे ते ओल्या रंगावर जमते. पाणी रंगात अडकते, रंगातले राळेचे द्रव्य नीट पसरत नाही आणि रंग दुधाळ होतो. हे मला माहीत होते. तारीख डोक्यात होती म्हणून मी ते विसरलो.

अशा वेळी दोन वाटा असतात. वरून आणखी जाड रंग मारून दोष झाकणे, जो प्रदर्शनाच्या दिव्यात बहुधा कुणाच्या लक्षात आला नसता. किंवा रंग काढून टाकणे. मी काही बोलण्याआधीच कॅडेट म्हणाला, "सर, जाड मारला तर दारं बुजतील." त्या दारांसाठीच तर सगळा खटाटोप होता. त्याने रात्री बसून रंग उतरवला, प्रायमरचा एक हात दिला आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर राखाडी गाडी ठेवली. शेजारी कार्ड: 'स्टँडर्ड हेराल्ड, चार दारे, १/३२. रंगकाम अपूर्ण.' बक्षीस दुसऱ्या मॉडेलला मिळाले आणि ते योग्यच होते.

आजोबा प्रदर्शनाला आले होते. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि बोटाने दारे मोजली. मग मागच्या डाव्या दारावर बोट ठेवून नुसते उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "मूठ जरा खाली हवी होती. पण हीच ती." मूठ अर्धा मिलिमीटर खाली घेतली आणि फेब्रुवारीत, कोरड्या सकाळी, गाडीला निळा रंग चढला. जनरल पॅटर्स रोडवरच्या रंगाच्या दुकानात आजोबा स्वतः जाऊन छटा ठरवून आले. कृष्णधवल फोटोत रंग नव्हता. तो फक्त त्यांच्या डोळ्यांत होता.

यावरून चेन्नईतल्या कॅडेटांसाठी काही नियम आम्ही भिंतीवर लावले आहेत. पावसाच्या दिवसांत लॅकर बंद, फार तर ब्रशने ॲक्रिलिक. फवारणी सकाळी दहानंतर, ऊन पडल्यावर. मे महिन्यात उलटा धोका असतो: रंग हवेतच वाळून गाडीवर खरखरीत पडतो, म्हणून सावकाश वाळणारा थिनर वापरावा आणि जरा जवळून फवारावे. आणि सगळ्यात वर: रंगाची तारीख हवामान ठरवेल, प्रदर्शन ठरवणार नाही.

सुरक्षितता: यात सवलत नाही

पाते नेहमी अंगापासून दूर चालवा. बोथट पाते जास्त कापते, कारण आपण जोर लावतो. लॅकर आणि थिनर ज्वालाग्राही आहेत. त्यांच्या जवळ मेणबत्ती, उदबत्ती किंवा शेगडी नको. प्लास्टिक ताणायचे काम रंगाच्या टेबलापासून दूर आणि मोठ्यांच्या देखरेखीत करा. फवारणी बॅरेकमध्ये किंवा बंद खोलीत कधीही करायची नाही. मोकळा व्हरांडा किंवा एक्झॉस्ट पंखा हवा. कापडी मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. तिच्यासाठी कार्बन फिल्टरचा मास्क लागतो. तो नसेल तर ॲक्रिलिक आणि ब्रश यांवर समाधान मानावे. त्यानेही उत्तम काम होते.

पालकांसाठी

महागड्या संचाने सुरुवात करू नका. पाचशे-हजारांची हत्यारे एकदम घेण्याचीही गरज नाही. एक चिमटा, एक पाते, तीन नंबरांचे वॉटर पेपर, दोन ब्रश आणि पाण्याचे चार रंग पुरेत. घरात पडलेल्या जुन्या धातूच्या छोट्या गाडीचा रंग उतरवून ती नव्याने रंगवणे, हा पहिला धडा फार चांगला. बिघडली तरी हळहळ नाही. आणि एक विनंती: मुलाचे मॉडेल पाहताना "छान आहे" एवढ्यावर थांबू नका. त्या आजोबांसारखे नीट पाहा. चुकले असेल तर कुठे चुकले ते प्रेमाने सांगा. "देखणी आहे, पण माझी नव्हे" हे वाक्य त्या मुलाला कुठल्याही बक्षिसापेक्षा जास्त शिकवून गेले.

कॅडेटांसाठी

या सुट्टीत घरच्या कुणाला तरी विचारा: तुमची पहिली गाडी कोणती? स्कूटर असेल, जोंगा असेल, शक्तिमान ट्रक असेल, गावातली एसटी असेल. तिचा फोटो शोधा, चाकांमधले अंतर मोजा, प्रमाण ठरवा. संच मिळाला नाही तर पुठ्ठ्यापासून करा, पण माप खरे ठेवा. दिवाळीच्या किल्ल्याचा दरवाजाही यंदा मूर्तीच्या मापाने करून पाहा. महाराज ताठ मानेने आत जायला हवेत.

छंद मंडळ दर शनिवारी दुपारी कार्यशाळेत भरते. निळी हेराल्ड तिथे नाही. ती आजोबांच्या कपाटात आहे. राखाडी असतानाचा तिचा फोटो मात्र आमच्या भिंतीवर लावलेला आहे, नियमांच्या शेजारी.